पेटीतली शाळा

मराठीत ‘लक्ष’ या शब्दाचा संसार मोठा आहे. लक्ष देतात, लक्ष ठेवतात, लक्ष घालतात. आणि लक्ष लागते, लक्ष वेधले जाते, लक्ष उडते. यांतले पहिले तीन प्रकार आपल्या हातचे, पुढचे तीन हाताबाहेरचे. लक्ष देणारा माणूस स्वतः काहीतरी करीत असतो. ज्याचे लक्ष लागते त्याला दुसऱ्याच कशाने तरी आपल्याकडे ओढून घेतलेले असते. व्याकरणातला हा एवढासा भेद घरोघरच्या आयांना न शिकवता ठाऊक आहे. “अभ्यासाला बसला की दहा मिनिटं बूड टेकत नाही, आणि किल्ला करायला बसला की तीन-तीन तास जेवणाची शुद्ध नाही!” ही तक्रार दिवाळीच्या सुट्टीत जितकी ऐकू येते तितकी एरवी येत नाही. पुण्या-मुंबईकडे किल्ला, आमच्या वऱ्हाडात भोवरा, पतंग, नाहीतर नदीकाठची बोरे. वस्तू बदलते, तक्रार तीच. आणि तक्रारीअखेरचा निकालही तोच असतो: पोरगा लबाड आहे; मनात आणले तर करील, पण आणत नाही.

पुष्कळ मुलांच्या बाबतीत हा निकाल खराही असेल. परंतु काही मुलांच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे, हे समजायला जगाला दीड-दोनशे वर्षे लागली. समजल्यावर जे उपाय निघाले, त्यांतल्या एका अगदी नव्या उपायाची कुळकथा येथे सांगावयाची आहे. उपाय असा, की मुलाच्या डोळ्यांवर एक पेटी चढवावयाची, बाहेरचे जग बंद करावयाचे, आणि पेटीच्या आत त्याला पुन्हा शाळेच्या वर्गातच नेऊन बसवावयाचे! या पेटीतल्या जगाला पाश्चात्त्यांनी ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ असे नाव दिले आणि मराठीत त्याचे ‘आभासी वास्तव’ झाले. मायावादाचे पाणी प्यालेल्या आपल्या देशात या जोडशब्दाचे फारसे नवल वाटू नये.

परंतु पेटीकडे जाण्यापूर्वी ज्याच्यासाठी ती आहे त्या मुलाकडे पाहू. त्यासाठी लॉस एंजलिसला जाण्याचे कारण नाही; संग्रामपूर पुरे. बुलढाणा जिल्ह्याच्या अगदी उत्तरेचा हा तालुका. पाठीशी सातपुडा आणि अंबाबरव्याचे जंगल, डोंगरातून उतरणारी वान नदी, आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, जेथे जमीन काळी आणि कसदार, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. सोनाळा, टुनकी, वरवट बकाल, पातुर्डा अशा गावांतून शाळा आहेत आणि शाळांतून मुले आहेत. जगभरच्या पाहण्यांचा ढोबळ हिशेब असा, की शंभर मुलांत सुमारे पाच मुलांना अवधानाची खरीखुरी अडचण असते. चाळीसांच्या वर्गात दोन, असे धरा. डॉक्टर मंडळी इंग्रजी आद्याक्षरांनी तिला ‘एडीएचडी’ म्हणतात. गावात त्या मुलाला ‘वांड’ म्हणतात. “ह्या पोट्ट्याचं चित्त थाऱ्यावर नाई,” एवढ्यावर निदान आणि उपचार दोन्ही आटोपतात. मग असे मूल चौथीपर्यंत वाचायला अडखळते, पाचवीत शेवटच्या ओळीत जाते, सातवी-आठवीत एक दिवस कापूस वेचायला नाहीतर गुरांमागे जाते, आणि शाळेच्या पटावरचे नाव तेवढे मागे राहते. बुद्धी कमी नसते, हीच त्यातली चुटपूट.

चंचलतेची तक्रार तशी फार जुनी. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनासारख्या धनुर्धराने ती केली आहे. आणि ज्याला पक्ष्याच्या डोळ्याखेरीज काही दिसत नव्हते त्यानेच ती करावी, यात मौज आहे. कृष्णाने त्यावर दोन उपाय सांगितले, अभ्यास आणि वैराग्य. दहा वर्षांच्या मुलाला वैराग्य सांगता येत नाही, उरला अभ्यास. गीतेत अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. आपण पुढे त्याचा अर्थ गृहपाठ असा करून टाकला आणि उपायाचीच बाधा करून ठेवली. ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी अवधान मागितले आहे. मागितले आहे, दरडावले नाही.

पंतोजींच्या शाळेला मात्र दरडावणेच अधिक ठाऊक. तरीही त्या शाळेला आपण समजतो तितकी नावे ठेवू नयेत असे मला वाटते. धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचे, म्हणजे हाताला काम. पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी एका सुरात म्हणायची, म्हणजे जिभेला आणि डोलणाऱ्या अंगालाही काम. चुळबुळ्या पोराला त्या तालात सामावून जायला जागा होती. त्याची पंचाईत झाली ती वर्ग मुकाट बसून ऐकण्याचा झाला तेव्हा. मग अंगठे धरणे आले, कोंबडा आला, ओणवे उभे राहणे आले. मास्तर दुष्ट होते असे नव्हे. लक्ष न देणे हा मुलाचा गुन्हा आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

हा गुन्हा नसून शरीरधर्माचा काही बिघाड असू शकेल, असे पहिल्यांदा सुचले ते वैद्यांना. जर्मनीत मेलखिओर वायकार्ट याने १७७५ साली अवधानाच्या उणिवेवर लिहिले. स्कॉटलंडचा डॉक्टर अलेक्झांडर क्रिक्टन याने १७९८ साली मनोविकारांवरील ग्रंथात त्यावर एक प्रकरणच घातले, आणि ही अडचण जन्मजात असू शकते असे बजावून ठेवले. त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. ऐकले ते एका विनोदी वैद्याचे. फ्रँकफुर्टचा डॉक्टर हाइन्रिख हॉफमन १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक आणायला बाजारात गेला. एकही पसंत पडेना, तेव्हा कोरी वही घेऊन घरी आला आणि स्वतःच चित्रे व पद्ये रचून त्याने ती भरून टाकली. पुढच्या वर्षी त्याचे पुस्तक झाले, आणि पुढे त्यात एक चुळबुळ्या फिलिप दाखल झाला. तो जेवताना खुर्चीवर डोलत राहतो आणि शेवटी चादरीसकट सगळे ताट-वाट्या ओढून खाली पडतो. युरोपातली पोरे पिढ्यान्‌ पिढ्या त्याला हसली. फिलिपला रागे भरणारा बाप आणि गप्प बसलेली आई त्या चित्रात आहेत. ती दोघे संग्रामपुरातही सापडतील.

१९०२ साली लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने वैद्यांच्या सभेत अशा मुलांवर तीन व्याख्याने दिली. ही मुले बुद्धीने बरी असूनही स्वतःला आवरू शकत नाहीत, असे त्याने अनेक उदाहरणांनी दाखवले; परंतु नाव देताना त्याने ‘नैतिक संयमातला दोष’ असे दिले. म्हणजे आरोपी सुटला, पण डाग राहिला. खरे वळण १९३७ साली मिळाले, तेही वाकड्या वाटेने. अमेरिकेत ऱ्होड आयलंड संस्थानात मुलांच्या एका इस्पितळात चार्ल्‌स ब्रॅडली नावाचा डॉक्टर होता. तपासणीसाठी मुलांच्या पाठीतले पाणी काढीत. त्याने डोके दुखे. त्यावर उतारा म्हणून त्याने बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीला विशेष गुण आला नाही. पण शाळेत मुले एकाएकी शांत बसून गणिते करू लागली! मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव ठेवले. उत्तेजक औषधाने चळवळे मूल स्थिर व्हावे हे कोडे मोठे होते. पण त्यातून एवढे निश्चित झाले की गोष्ट नीतीची नाही, मेंदूची आहे. १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये पानित्सोन या रसायनज्ञाने तयार केलेले दुसरे औषध पुढे याच कामी रूढ झाले. त्याची बायको रीटा टेनिस खेळण्यापूर्वी ते घेई, म्हणून त्याचे नाव ‘रिटालिन’. ही औषधे आजही वैद्याच्या देखरेखीखाली देतात आणि पुष्कळांना त्यांचा गुण येतो. पण भूक मंदावते, झोप उडते. आणि लेकराला रोज गोळी द्यावयाची या कल्पनेनेच आईबाप बिचकतात. ‘गोळीवाचून काही?’ हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

आता आपल्या कथेचे दुसरे पात्र, ती पेटी. तिचा जन्म दवाखान्यात नव्हे, करमणुकीच्या बाजारात झाला. दोन डोळ्यांना किंचित वेगळी दोन चित्रे दाखवली तर मेंदू ती जुळवून एक भरीव दृश्य उभे करतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्‌स व्हीटस्टन याने १८३८ साली आरशांच्या यंत्राने सिद्ध केले. १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांची सुटसुटीत पेटी बनवली, आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला ती आवडली म्हटल्यावर ती घराघरात शिरली. आपल्याकडच्या जत्रांतून बायोस्कोपवाला फिरे. भोकाला डोळा लावायचा, डोक्यावरून त्याने कापड टाकायचे, आणि आत दिल्ली, आग्रा, ताजमहाल सरकत जायचे. भोकाला डोळा लावलेल्या पोराला मागून कोणी टपली मारली तरी कळत नसे. याच काळात, १८९० नंतरच्या दशकात, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी व त्यांच्या मुलांनी काचांवर चित्रे रंगवून, कंदिलाच्या उजेडात ती पडद्यावर हलती दाखवण्याचे खेळ गावोगाव केले. त्यांनी त्या यंत्राला ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले होते. शांबरिक म्हणजे मायावी. शंबरासुराची ती विद्या. दादासाहेब फाळके तर स्वतः जादूचे प्रयोग करीत. मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहून ते असे झपाटले, की त्यानंतर सतत चित्रपट पाहून आणि निद्रा सोडून त्यांच्या डोळ्यांवर परिणाम झाला आणि काही काळ दृष्टी गेली. पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. लक्ष लागणे म्हणजे काय, याचे याहून मोठे उदाहरण मराठी माणसाला शोधावे लागू नये.

येथवर पेटीचे काम लक्ष वेधून घेण्याचे होते. तिच्यात शिकता येते, हे दाखवले न्यू यॉर्क संस्थानातल्या एडविन लिंक या तरुणाने. त्याच्या बापाचा वाद्ये बनवण्याचा कारखाना होता. त्यातले भाते आणि झडपा वापरून १९३० च्या सुमारास त्याने जमिनीवरच डुलणारे खोटे विमान केले. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखे पैसे टाकून बसायचे खेळणे म्हणूनच विकले जाई. १९३४ साली टपाल वाहून नेताना लष्कराचे वैमानिक ढगात वाट चुकून मरू लागले, तेव्हा लष्कराने लिंककडून अशी सहा खोटी विमाने विकत घेतली. खोट्या ढगात चुकलेला वैमानिक मरत नाही. तो पुन्हा बसतो आणि पुन्हा शिकतो. गीतेतला ‘अभ्यास’ तो हाच.

पुढची वाटचाल भराभर सांगून टाकतो. मॉर्टन हायलिग नावाच्या एका सिनेमावाल्याने १९६२ साली ‘सेन्सोरामा’ या पेटीचे एकस्व मिळवले. तीत बसले की फटफटीवरून शहरात हिंडल्याचा भास होई. वारा लागे, वास येत, आसन थरथरे. धंदा मात्र झाला नाही. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड या संगणकशास्त्रज्ञाने डोक्यावर चढवायचे असे साधन केले, की मान वळवली की आतले चित्रही त्याप्रमाणे वळे. ते इतके अवजड होते की छतापासून टांगावे लागे. १९८० नंतर जॅरन लेनिअर याने या सगळ्याला आजचे नाव रूढ करून दिले. आणि २०१४ साली गूगल कंपनीने पुठ्ठ्याच्या घडीत दोन भिंगे बसवून, पुढे मोबाइल फोन खोचून काम भागते असे दाखवले, तेव्हा ब्रूस्टरची पेटी पुन्हा जवळजवळ ब्रूस्टरच्याच किमतीला आली.

दवाखान्यात ही पेटी शिरली ती भीतीच्या आणि वेदनेच्या दाराने. १९९५ साली अमेरिकेत अटलांटा येथे बार्बरा रॉथबॉम व लॅरी हॉजेस यांनी उंचीला भिणाऱ्या माणसांना पेटीतल्या पुलांवर आणि सज्जांत हळूहळू चढवून त्यांची भीती उतरवली. सिॲटलला हंटर हॉफमन याने भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाचे एक जग तयार केले. जखमांची मलमपट्टी होत असताना रुग्ण पेटीत बर्फाचे गोळे फेकत असतो, आणि त्याला दुखते कमी. (फ्रँकफुर्टचा हॉफमन वेगळा, पण नावांचा हा योगायोग मला गमतीचा वाटतो.) यातले मर्म असे, की दुःख जाणवायलाही लक्ष लागते. लक्ष बर्फाकडे गेले, की आगीला ते कमी पडते.

मग साहजिकच कोणाच्याही मनात येईल, की ज्यांचे लक्षच ठरत नाही अशा मुलांना एखाद्या नवलनगरीत नेऊन सोडावे! येथे लॉस एंजलिसच्या विद्यापीठातील आल्बर्ट रिझो या मानसशास्त्रज्ञाने जी युक्ती केली ती मला या सर्व इतिहासात सर्वांत शहाणी वाटते. नवलनगरी बांधायचे सामर्थ्य हाताशी असताना त्याने २००० च्या सुमारास पेटीत बांधला तो एक साधा, कंटाळवाणा वर्ग. समोर फळा, शेजारी बाई, आजूबाजूला बाके, एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला दार. फळ्यावर एकामागून एक अक्षरे येतात. विशिष्ट अक्षरामागून विशिष्ट अक्षर आले तरच बटण दाबायचे. एरवी हात आवरायचा. एवढेच काम, आणि ते चालू असताना वर्गात सर्व काही होत राहते. शेजारची मुले कुजबुजतात, कागदाचे विमान उडत जाते, खिडकीबाहेरून मोटार जाते, व्हरांड्यात पावले वाजतात, दार उघडून कोणी आत येते.

नवलनगरीत लक्ष लागते. या वर्गात ते द्यावे लागते. फरक तोच, आरंभी सांगितलेला.

शिवाय पेटी मोजते. मूल किती वेळा चुकले, किती वेळा घाईने दाबून बसले, विमान उडताच मान किती वळली, पाय किती हलले, सगळ्याची नोंद होते. अवधानाची अडचण असलेली मुले या वर्गात इतरांपेक्षा अधिक चुकतात आणि अधिक हलतात, हे प्रयोगांतून दिसले. हे तर मास्तरांनाही माहीत होते, असे कोणी म्हणेल. मास्तरांना माहीत होते, पण त्यांच्या माहितीत त्यांचा रागही मिसळलेला असे. पेटीला राग नाही. आणखी असे, की मास्तरांना कागदाचे विमान अर्ध्या वेगाने उडवता येत नाही. पेटीत पहिल्या दिवशी वर्ग अगदी शांत ठेवता येतो, चौथ्या दिवशी एक कुजबुज घालता येते, आठव्या दिवशी खिडकी उघडता येते. लिंकच्या विमानात ढग असेच थोडे थोडे दाट करीत.

२००२ च्या सुमारास दक्षिण कोरियातील सेऊल येथे संशोधकांनी सुधारगृहातील मुलांवर असाच प्रयोग केला. काहींना पेटीतल्या वर्गात शिकवणी, काहींना तीच शिकवणी साध्या पडद्यावर, काहींना काहीच नाही. पेटीतल्या मुलांचे अवधान चाचण्यांत अधिक सुधारलेले आढळले. त्यानंतर देशोदेशी असे प्रयोग झाले. एकंदरीत दिसते ते असे: एका कामावर टिकून राहण्याची शक्ती वाढते, पण उतावीळपणा आणि अंगातली चळवळ यांवर तितका परिणाम दिसत नाही. शिवाय प्रयोगांतील मुलांची संख्या बहुधा थोडी. काहींना पेटीत मळमळते, डोळ्यांना शीण होतो. आणि पेट्या बनवणारे कारखानेच अगदी लहान मुलांना त्या देऊ नयेत असे बजावतात.

पण खरी मेख वेगळीच आहे. पेटीत शिकलेले पेटीबाहेर येते काय? याचे उत्तर देताना भल्याभल्यांना जपून बोलावे लागते. जून २०२० मध्ये अमेरिकन सरकारच्या औषध खात्याने आठ ते बारा वर्षांच्या मुलांच्या अवधानासाठी एका खेळाला उपचार म्हणून मान्यता दिली. हा खेळ पेटीतला नव्हे, हातातल्या साध्या पाटीसारख्या पडद्यावरचा, परंतु चुलतभाऊच. त्याची पारख ३४८ मुलांवर झाली होती. यंत्राने घेतलेल्या अवधानाच्या चाचणीत खेळणारी मुले पुढे गेली. आईबापांना घरी काय दिसते हे विचारले, तेव्हा मात्र दुसराच एक खेळ खेळलेल्या मुलांत आणि यांच्यात फरक निघाला नाही. कागदावर गुण वाढले आणि घरात चादर ओढली जायची ती ओढली जातच होती! यावरून खेळ फुकट गेला असे कोणी म्हणू नये. पण जाहिरातदार या पेट्या-पडद्यांना जादूची कांडी म्हणून पुढे करतील, तेव्हा आईबापांनी हा एक आकडा आठवावा.

लागणाऱ्या लक्षाकडून देण्याजोग्या लक्षाकडे जाण्याची दुसरीही एक वाट आहे, आणि ती आपल्या ओळखीची आहे. १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या बालगृहात मारिया माँटेसरीने एक तीन वर्षांची मुलगी पाहिली. ती लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत लहान-मोठे दट्टे बसवीत होती. माँटेसरीने इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. पोर दट्टे मांडीवर सांभाळून पुन्हा कामाला लागली. चाळीसहून अधिक वेळा तिने तेच केले, आणि मग झोपेतून उठल्यासारखी हसतमुख वर पाहिले. आज रिझोच्या वर्गात विमान उडते, तेच काम तेव्हा त्या गाण्यांनी केले होते. फरक इतकाच, की तेथे मुलीच्या हातांत काही होते.

ही दृष्टी आपल्याकडे आणली ती गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी, भावनगरच्या बालमंदिरात. पुढे १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि नंतर दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम उभे केले. महागडी विलायती साधने सोडून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या यांची साधने केली. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला नाव दिले ‘कुरणशाळा’. गुराखी पोराचे एक लक्ष गुरांवर असणारच; ते तोडून टाका असे न म्हणता, त्याच्या शेजारी अक्षराला जागा करून दिली. सातपुड्याच्या पायथ्याशी गुरे राखणाऱ्या मुलांना हे नाव ऐकूनच शाळेविषयी थोडा आपलेपणा वाटला असता.

माझे मत विचाराल तर, पेटीचे सर्वांत मोठे देणे अजून तरी उपचार हे नाही, पुरावा हे आहे. ज्या मुलाला शतकानुशतके लबाड म्हटले, तो शांत वर्गात नीट काम करतो आणि कागदाचे विमान उडाले की त्याची मान आपोआप वळते, ती तो वळवत नाही, हे पेटीने आकड्यांत मांडले. बापाला हा कागद दाखवता येतो. आणि तो दाखवण्याची गरज संग्रामपुरात लॉस एंजलिसपेक्षा कमी नाही. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने, त्याच्या १७ व्या कलमाने, शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली आहे; परंतु ‘वांड’ हा शब्द कोणत्या कलमाने बंद करणार?

सरकारी कागदपत्रांत या मुलाला आता जागा मिळाली आहे, हे फार थोड्या आईबापांना ठाऊक असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची एक योजना आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिचा आरंभ पालघरला, म्हणजे कोसबाडच्याच मुलखात झाला. तिच्यात जी तीस दुखणी आणि उणिवा पाहावयाच्या आहेत, त्यांत हृदयाचे दोष, फाटलेला ओठ, दातांची कीड यांच्याबरोबर अवधानाची ही अडचणही नावानिशी नोंदलेली आहे. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यावयाचे, आणि शंका आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञांकडे पाठवावयाचे, अशी ही व्यवस्था. फाटलेला ओठ पथकाला दिसतो. पाच मिनिटे पथकापुढे भेदरून उभ्या असलेल्या मुलाची चंचलता दिसत नाही. ती शिक्षकाने आणि आईने सांगावी लागते, आणि त्यासाठी ती खोडी नसून अडचण आहे हे आधी त्यांना पटलेले असावे लागते. पुढे संग्रामपुराहून बुलढाण्याला जायचे म्हणजे पूर्णा ओलांडायची, खामगाव मागे टाकायचे आणि बोथ्याचा घाट चढायचा. वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तो चढायला बापाला तसेच कारण लागते.

तेथे पोहोचेपर्यंत वर्गातले गुरुजी काही करू शकतात, आणि ते रिझोच्या पेटीकडून उसने घेता येण्यासारखे आहे. खिडकीजवळचे आणि दाराजवळचे बसणे सोडवून त्या मुलाला फळ्याजवळ घ्यावे. दहा गणिते एकदम न देता दोन-दोन द्यावीत आणि प्रत्येक वेळी पाहून घ्यावे. आणि तास संपला की फळा पुसायचे काम त्याच्याकडे द्यावे, म्हणजे त्याला उठून हिंडायला एक हक्काचे कारण मिळते.